तक्रारीचा पत्ता

रफूवाल्यांच्या दुकानाला टपालाचे दोन पत्ते होते आणि त्यातला एक खुद्द रफूवाल्यांनाच ठाऊक नव्हता. ही करामत त्यांच्या सुनेची. करामत म्हणायची की कारस्थान, हे दीड वर्षात तिचं तिलाही ठरवता आलं नव्हतं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. उत्तरेला मोठी खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर पांढरं फडकं अंथरलेलं, आणि उजव्या भिंतीला छोट्या छोट्या खणांचं उंच कपाट. खणांत धाग्यांची रिळं, रंगवार लावलेली. या खिडकीशी बसून सासऱ्यांनी चौतीस वर्षं लोकांच्या कोटांची, स्वेटरांची, पाटलोणींची भोकं बुजवली होती. रफू असं करायचे, की गिऱ्हाईक कपडा उलटसुलट करून म्हणायचं, "कुठं होतं हो भोक?" मग म्हातारबुवांची कळी खुलायची. "शोधा तुम्हीच," म्हणायचे आणि मुद्दाम दुसरीकडे बघत बसायचे. सासूबाई गेल्यावर हा माणूस पुन्हा उभा राहिला तो या टेबलामुळे. नवरा परगावी कारखान्यात, शनिवार-रविवारी घरी. एरवी घरात ही दोघंच, आणि लोकांचे फाटके कपडे.

वेबसाइट सुनेनंच उभी केली होती. सुरुवातीला तिचा पत्ता फुकटातला होता, मारुतीच्या शेपटासारखा लांबलचक, मध्ये कुठल्याशा कंपनीचं नाव घुसडलेलं. एकदा एका गिऱ्हाइकानं फोनवर विचारलं, "खरंच दुकान आहे ना तुमचं? मी कोट पाठवायचा आणि तुम्ही गुल, असं नको व्हायला." सासऱ्यांच्या ते फार जिव्हारी लागलं. दिवसभर "गुल म्हणे, गुल!" असं पुटपुटत होते. त्या आठवड्यात तिनं दुकानाच्या नावाचं डोमेन विकत घेतलं, साइट त्यावर आणली आणि पत्रव्यवहारासाठीही त्याच नावाचा पत्ता काढला.

"मग टपाल येणार कुठं?" सासऱ्यांनी विचारलं.

"तिथं पेटी नाहीये बाबा, नुसती पाटी आहे. पाटीवर आलेलं पत्र जसंच्या तसं पुढं जातं. तुमच्या फोनवर आणि माझ्या लॅपटॉपवर. घर बदललं की पोस्टात सांगून ठेवतो ना, तसं."

"आणि कुठलं पत्र कुठं जायचं ते कोण ठरवतं?"

"मी. सेटिंगचं एक पान आहे, त्यात लिहून ठेवायचं."

"म्हणजे तू पोस्टमास्तरीण झालीस की!" ते म्हणाले आणि मनापासून हसले.

तेव्हापासून सकाळच्या चहाबरोबर टपाल वाचायचं हा त्यांचा नेम झाला. चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकाशी धरून ते मोठ्यानं वाचायचे. कुणाच्या आजोबांचा कोट पुन्हा घालता आला, कुणाला मुलाखतीला जाता आलं. चांगली पत्रं ते दोनदा वाचायचे. दुसऱ्यांदा वाचताना "हं, हे ऐक," असं म्हणायचे, जणू काही पहिल्यांदा ती शेजारच्या घरात होती.

पहिली तक्रारही अशीच, चहाबरोबर आली. त्यांनी नेहमीच्या थाटात वाचायला घेतली. "तुम्ही माझ्या गडद निळ्या कोटाच्या कोपरावर केलेलं काम आज उन्हात पाहिलं," इथपर्यंत आवाज चढता होता. पुढचं त्यांनी मनात वाचलं. मग फोन तिच्याकडे सरकवला. लिहिलं होतं: तुम्ही लावलेला धागा हिरवट आहे, उजेडात कोपराला डाग पडल्यासारखा दिसतो, साइटवर चौतीस वर्षांचा अनुभव लिहिलाय म्हणून विचारतो, हे काम तुम्ही स्वतःच्या हातानं केलं का?

आता रफूवाला शक्यतो धागा बाहेरून घेत नाही. कपड्याच्या आतल्या दुमडीतून, शिवणीच्या पोटातून दोन-चार धागे उसवून काढतो आणि तेच भोकावर विणतो, त्यामुळे रंग चुकायचा प्रश्नच नसतो. पण कपडा जुना असला, दुमडीत काही शिल्लकच नसलं, तर कपाटातलं रीळ काढावं लागतं. या कोटाला तसं करावं लागलं होतं.

सासऱ्यांनी कोट परत मागवला. खिडकीशी नेला, तिरपा धरला, उलटा केला. "मला तर काही दिसत नाही," म्हणाले. तिला दिसत होतं. दारातूनच दिसत होतं. "थोडासा फरक आहे," ती म्हणाली, तेवढंसुद्धा तिला जड गेलं. त्यांनी सगळं उसवलं, धागा तिला निवडायला लावला, काम पुन्हा केलं, पाठवून दिलं. आणि सुई खाली ठेवली ती ठेवलीच. नवं काम घ्यायचं नाही म्हणाले. अकरा दिवस ते त्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसून होते. जेवायला हाक मारली की येत, दोन घास खाऊन परत तिथंच. सासूबाई गेल्या तेव्हाचे दिवस तिला आठवले.

अकराव्या दिवशी ती सरळ जाऊन समोर उभी राहिली. "बाबा, एक सांगायचंय. ते रीळ मीच चुकीच्या खणात टाकलं होतं. आवराआवर करताना."

त्यांनी मान वर केली. "तू?"

"मी."

मग जे काही त्यांनी तिला फैलावर घेतलं! अर्धा तास. रंगाचा खण म्हणजे काय असतो, माणसाचा हात आंधळेपणानं तिथं जातो तो कशाच्या भरवशावर, नऊ वर्षं या घरात राहून एवढंही शिकली नाहीस. बोलता बोलता त्यांच्या चेहऱ्यावर रंग चढला, आवाज खणखणीत झाला, आणि शेवटच्या वाक्याला त्यांनी सुई उचलली. ती मान खाली घालून बोलणी खात होती आणि मनातून तिला इतकं हलकं वाटत होतं, की डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, जरा जास्तच बोललो. संध्याकाळी स्वतः चहा करून तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी ते फिरायला गेल्यावर तिनं सेटिंगचं पान उघडलं. डोमेन आपलं असलं की हवे तेवढे पत्ते काढता येतात. तिनं दोन काढले. पत्त्यातल्या @ चिन्हाच्या आधी एकाला लावलं "अभिप्राय", दुसऱ्याला "तक्रार". अभिप्राय जायचा सासऱ्यांच्या फोनवर आणि तिच्याकडे. तक्रार फक्त तिच्याकडे. जुन्या पत्त्यापुढूनही सासऱ्यांचं नाव काढून टाकलं. मग एक चिठ्ठी छापली, प्रत्येक पार्सलात टाकायला, पार्सलं तीच बांधायची: काम आवडलं तर इथं कळवा, अडचण असेल तर इथं. लोक असे गुणी, की छापलेलं निमूट पाळतात. कौतुक कौतुकाच्या वाटेनं गेलं, तक्रार तक्रारीच्या.

पाच आठवड्यांनी पहिली आली. करड्या-निळ्या स्वेटरची बाही. मग एक निळसर पाटलोण. मग एका बाईंची नेव्ही ब्लू शाल. दीड वर्षात सात. दर वेळी ती सासऱ्यांच्या सहीनं उत्तर लिहायची, कारण पत्ता दुकानाचा होता आणि नाव त्यांचं: आपली गैरसोय झाली, मनापासून क्षमस्व, कपडा सुनेच्या नावानं अमुक टपाल कचेरीत पाठवावा. सासरे सकाळी नऊ ते दहा फिरायला जात. त्या एका तासात टपाल कचेरी गाठायची, कपडा आणायचा, कपाटात चादरींखाली दडवायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज तासभर चोरून रफू करायचं. हात त्यांनीच शिकवलेला, तेव्हा काम चांगलं व्हायचं. पण दारात पावलं वाजली की सुई बोटात घुसायची. एकदा रक्ताचा थेंब शालीवर पडला, तो धुऊन काढण्यात तिचा तो सगळा तास गेला. स्वतःच्याच घरात चोर झाल्याची ती भावना तिला कधी सवयीची झाली नाही.

सगळे कपडे निळेच येतात, हे तिच्या तिसऱ्या वेळी ध्यानात आलं. मग तिनं पार्सलं आधी आपण उघडायला सुरुवात केली आणि निळं काही निघालं की बाजूला ठेवायला. काही तरी नजरचुकीनं जायचंच, पण बाकी सासऱ्यांच्या टेबलावर जायचं ते तपकिरी, काळं, तांबडं.

"हल्ली निळं कुणी घालत नाही का गं?" एक दिवस त्यांनी विचारलं.

"फॅशन गेली बाबा."

"निळ्याची? आकाशाची फॅशन जाईल एक वेळ, निळ्या कोटाची कशी जाईल?"

खोटं बोलायचं तर निदान पटण्यासारखं तरी बोलावं! दोन दिवस ते जगाच्या अभिरुचीवर ताशेरे ओढत होते आणि ती त्यांच्याकडे बघायचं टाळत होती.

डोळ्यांचं तिच्या मनात आलंच नाही, असं नाही. आलं. पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं तर काही कारण सांगायला हवं, आणि कारण तर लॅपटॉपमधल्या एका फोल्डरात कुलूपबंद होतं. तरी एकदा तिनं आडून आडून विषय काढला. "बाबा, चष्म्याचा नंबर एकदा बघून यायचा का?" त्यांनी उत्तरादाखल सगळ्यात बारीक सुई घेतली, धागा ओठांत ओला केला आणि एका झटक्यात ओवला. "तू ओवून दाखव असा," म्हणाले. तिला तीन खेपा लागल्या. विषय संपला. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचाच तिला पुढं सगळ्यात जास्त राग आला.

बाकीच्या गोष्टी घडत होत्या, पण त्या म्हातारपणाच्या खात्यावर टाकता येण्यासारख्या होत्या. टेबलाच्या डाव्या कडेची टाचण्यांची डबी वरचेवर कोपरानं खाली पडायची. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा आपटायचा. "हे दार कुणी हलवलं?" असं ते गमतीनं म्हणायचे आणि तीही हसायची.

मग एका सकाळी, दहा वाजायला आले असताना, एक अनोळखी बाई त्यांना हाताला धरून घेऊन आली. त्यांची पाटलोण गुडघ्यावर फाटलेली, तळहात सोललेला. फूटपाथवरून उतरताना डावीकडून तिची सायकल आली. "मी चांगली घंटा वाजवली हो," ती बाई पुनःपुन्हा सांगत होती, "त्यांनी बघितलंच नाही. मी अगदी शेजारी होते." "आली कुठून ही सायकल?" असं सासऱ्यांनी तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज घाबरलेला होता. त्याच दुपारी सून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, कामाशी काम ठेवणाऱ्या. सासऱ्यांची हनुवटी एका यंत्रावर टेकवली, हातात बटण दिलं. समोर कुठंही ठिपका उजळला की दाबायचं. सून त्यांच्या डाव्या बाजूला, जरा मागे, स्टुलावर बसून ऐकत होती. आधीचा पेशंट आत होता तेव्हा बटणाचं कसं टकटक टकटक चाललं होतं, ते तिनं बाहेर बसून ऐकलं होतं. सासरे दाबत, मग बराच वेळ काही नाही. पुन्हा एकदा. पुन्हा काही नाही. "बंद पडलं की काय यंत्र?" त्यांनी विचारलं. यंत्र चालू होतं.

डॉक्टरीणबाईंनी छापलेला कागद दोघांच्या मध्ये ठेवला. डाव्या डोळ्याच्या वर्तुळात बहुतेक सगळं काळं. उजव्याच्या वर्तुळात काठाकाठानं काळं.

"काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "मधली नजर शाबूत असते, म्हणून माणसाला कळत नाही. सुई ओवता येते, पेपर वाचता येतो. कडा जात राहतात. गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखायचं, तेवढं आपल्या हातात आहे."

सासऱ्यांनी मान डोलावली. त्यांनी तळहाताची पट्टी दुसऱ्या हातानं घट्ट धरली होती.

"आता मला नीट सांगा. हे किती दिवसांत झालंय, त्यावर सगळं आहे. हळूहळू होत आलं असेल तर थेंबांवर भागेल. पण चार-दोन महिन्यांत एवढं झालं असेल, तर थांबून चालणार नाही, ऑपरेशन करावं लागेल, आणि एवढ्या पुढं गेलेल्या डोळ्याला त्यात धोका असतो. काम काय करता तुम्ही?"

"रफू."

"अरे वा. मग तुम्हाला कळलं असणार. पुष्कळांचे आधी रंग फसायला लागतात. निळा, हिरवा. कामात असं काही झालं? कुणी काही म्हणालं?"

"एकदा," सासरे म्हणाले. "दीड वर्ष झालं. पण ते रीळ चुकीच्या खणात गेलं होतं."

"त्यानंतर?"

"त्यानंतर एकही तक्रार नाही." त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच ते ताठ बसले. "सगळी कौतुकाचीच पत्रं. माझ्या फोनवर येतात, दाखवतो हवी तर. विचारा आमच्या सूनबाईला, टपालाचं सगळं तीच बघते."

डॉक्टरीणबाई कागदावर लिहायला लागल्या. सुनेला अक्षरं उलटी दिसत होती, तरी तिनं वाचलं: रंगांत फरक जाणवला नाही. पुढं त्यांनी लिहिलं, अलीकडे वेगानं.

एक क्षण, अगदी एकच, तिला वाटलं, बाहेर गेल्यावर डॉक्टरांना एकटं गाठून सांगता येईल. मग तिला स्वतःची शिसारी आली. हेच तर ती दीड वर्ष करत होती.

"आणखी सात आल्या होत्या," ती म्हणाली.

सासरे तिच्याकडे वळले. डाव्या बाजूला ती बसली होती, त्यामुळे त्यांना पुरतं वळावं लागलं. "काय सात?"

"तक्रारी. सगळ्या निळ्याच्या. मी तुमच्यापर्यंत येऊ दिल्या नाहीत बाबा. त्यांचा पत्ता मी वेगळा काढला होता."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. मग त्यांनी विचारलं, "तारखा आहेत?" तिनं फोन काढला, फोल्डर उघडलं आणि तारखा वाचल्या, पहिली, दुसरी, तिसरी, सातव्यापर्यंत. बाईंनी आधीचं खोडलं आणि तारखा एकाखाली एक लिहून घेतल्या. "म्हणजे दीड वर्ष तरी आहे. हळू चाललंय. ऑपरेशन नको, थेंबांवर सुरुवात करू, दर महिन्याला तपासू." आणि कागदावरून मान न उचलता, चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, "तेव्हाच आला असतात तर डावाही बराचसा वाचला असता."

दोघं चालत घरी निघाले. रस्ता ओलांडताना तिनं सवयीनं त्यांचा दंड धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही, पण हात लाकडासारखा होता.

घरात शिरल्यावर ते आपल्या खुर्चीत बसले. उत्तरेचा उजेड अजून चांगला होता. "वाच," म्हणाले.

"बाबा, आज राहू दे."

"माझी पत्रं आहेत ती. वाच."

तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि वाचायला लागली. त्यांनी कधी चहाबरोबर वाचली असती तशी नाही, सपाट आवाजात, शब्द न गाळता. ते डोळे मिटून ऐकत होते. प्रत्येक पत्रानंतर ते फक्त कपडा सांगत. "बाही. डावी. कसरीनं खाल्लेली." "पाटलोण, खिशाच्या तोंडाशी." "शाल. त्या शालीला मला चार दिवस लागले होते." शालवाल्या बाईंनी लिहिलं होतं, की शाल आईची आहे, राग म्हणून लिहीत नाही, पण तुमचे डोळे एकदा दाखवून घ्या, माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं.

ते वाक्य तिनं घाईनं वाचून टाकलं. दीड वर्षात तिनं ते पत्र किती वेळा उघडलं होतं आणि त्या वाक्यापाशी किती वेळा बंद केलं होतं, ते तिचं तिला माहीत होतं.

"पुन्हा वाच ते," सासरे म्हणाले.

तिनं पुन्हा वाचलं.

"उत्तर काय दिलंस?"

"गैरसोयीबद्दल क्षमस्व. कपडा परत पाठवावा."

"खाली नाव?"

"तुमचं."

ते मग डोळे उघडून खिडकीकडे बघत म्हणाले, "माझे डोळे चाललेत हे कुठल्या कुठल्या परक्या बाईला कळलं. तिनं कळवळून मला लिहिलं. आणि माझ्या नावानं तिला उत्तर गेलं, कपडा परत पाठवा."

"मला वाटलं तुम्ही सुई खाली ठेवाल. मागच्यासारखी. मला तुम्हाला तसं बघवलं नसतं."

"ठेवली असती. मग उचललीही असती. मागं उचललीच की मी."

"मागं तुम्ही उचललीत ती मी खोटं बोलले म्हणून," ती म्हणाली. सगळं सांगायचंच होतं तर आता मागं काही ठेवण्यात अर्थ नव्हता. "रीळ बरोबर खणात होतं बाबा. मी कुठंही टाकलं नव्हतं."

त्यांचा चेहरा पडला तो तिनं पाहिला. सात तक्रारी ऐकूनही तो तसा पडला नव्हता. ते उठले, कपाटाशी गेले, निळ्यांचा खण उघडून आत हात घातला आणि रिळं एकेक करून टेबलावर मांडली. नऊ-दहा असतील. त्यांच्यात एक हिरवं होतं का हे तिला विचारायचं त्यांच्या मनात असावं. त्यांनी विचारलं नाही. हातानंच एकेक चाचपून, जशी काढली होती तशी ती परत ठेवली.

"मी चुकले," ती म्हणाली. "तुम्हाला जपायला गेले आणि तुमचा डोळा घालवला. हे मला आयुष्यभर पुरेल."

"पुरेल," ते म्हणाले. त्यांनी ना तिची समजूत घातली ना आवाज चढवला. तिला वाटलं, त्या दिवशीसारखे अर्धा तास बोलले असते तर बरं झालं असतं.

खुर्चीत परत बसून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "त्या बाईंना लिही. लिहून घे. तुमचं पत्र मला आज मिळालं. तुम्ही म्हणता तसंच निघालं. आधी मिळतं तर बरं झालं असतं. आईंची तब्येत आता कशी आहे, कळवा." ते थांबले. "शालीचं नंतरचं काम माझ्या सुनेनं केलंय, तेही लिही. जमलं होतं का ते, विचार."

तिनं टाइप केलं. खाली नाव लिहायला तिची बोटं अडली.

"लिही माझं नाव," ते म्हणाले. "या वेळी मीच बोललोय."

पत्र गेलं. ते म्हणाले, "आता ते पान उघड. पोस्टमास्तरणीचं."

तिनं पान उघडून लॅपटॉप त्यांच्या उजवीकडे, थोडा समोर ठेवला. त्यांनी नाक पडद्याला टेकेल इतकं जवळ जाऊन दोन ओळी वाचल्या. अभिप्राय. तक्रार. दोन्हीपुढचे बाण, आणि बाणापुढची नावं.

"आजपासून कौतुकाची पत्रं तुझ्याकडे," ते म्हणाले. "निळं तूच करतेस, आणखी थोड्या दिवसांनी बाकीचंही तूच करशील. तेव्हा ती तुझीच आहेत. मला एकही वाचून दाखवायचं नाही. तक्रारी माझ्याकडे. सगळ्या. तुझ्या कामाच्यासुद्धा."

"बाबा, मी दोन्ही दोघांकडे लावते ना."

"मी सांगतो तसं लाव."

तिनं तसं लावलं. वरच्या ओळीतून त्यांचं नाव काढलं, खालच्या ओळीतून स्वतःचं काढून तिथं त्यांचं घातलं. ते बघत होते. "जतन करा" वर बोट ठेवताना तिला हुंदका आवरला नाही, आणि त्यांनी तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग तिनं डॉक्टरांनी दिलेली बाटली आणली. त्यांनी मान मागं टाकली आणि तिनं दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडला. पाच मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. ते बसले, मांडीवर हात ठेवून, आणि हातात फोन धरून. फोन काही वाजला नाही. पाच मिनिटं झाल्याचं तिनं सांगितलं, तरी ते तसेच बसून होते.